उडी मारण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक बक्षीस समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला जे पत्र पाठविले त्यात विषय दिला होता, 'साहसी खेळ व विद्यार्थी'. विषय चांगला आहे, परंतु फार मोठा आहे. आणि अशा विषयावर बोलताना वक्ता हिमालयापासून सुरुवात करतो आणि जेवणाची वेळ होईपर्यंत समुद्रापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून मी एकच खेळ घेणार आहे, विमानातून छत्री बांधून उडी मारण्याचा, ज्याला स्कायडायव्हिंग म्हणतात. हा विषय निवडण्यास एक घरगुती कारणही आहे. आपल्या कॉलेजातील एन.सी.सी.च्या दोन छात्रांची नावे आग्रा येथील पॅराशूट शिबिरासाठी पुढे गेली आहेत. एक मुलगा आहे, एक मुलगी. मुलाच्या वडिलांनी संमतीपत्रावर सही केली. मुलीच्या अब्बांनी अजून केलेली नाही. ते येथे समोर बसलेले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच मी हा उल्लेख करीत आहे. त्यांनी मला विचारले, "चाचा, विमानाला काही झालेले नसताना माणसाने त्यातून बाहेर का पडावे?"

प्रश्न रास्त आहे. मी हवाई दलात सेफ्टी इक्विपमेंट विभागात होतो. आमचे काम छत्र्या तपासण्याचे व त्यांची घडी घालण्याचे. स्वतः मी उड्या मोजक्याच मारल्या. मात्र दुसऱ्यांनी ज्या छत्र्यांनिशी उड्या मारल्या त्या हाताखालून पुष्कळ गेल्या. निवृत्तीनंतर मुलाकडे दुबईस राहिलो तेव्हा संध्याकाळी पाम जुमेराजवळच्या उडी-मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहण्याची सवय लागली. आपल्या कोकणातली कितीतरी मुले त्या शहरात नोकरीस आहेत. मरिना भागात वर पाहिले की रंगीत छत्र्या उतरताना त्यांना रोज दिसतात. तेथे हजार-हजार, दोन-दोन हजार उड्या झालेली माणसे मला भेटली. जुना घडीवाला आहे असे कळल्यावर त्यांनी मला आत बसवून घेतले. पुढे जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे त्यांच्या गप्पांतले आहे.

प्रथम खेळ म्हणजे काय ते पाहू. लहानसे विमान तेरा हजार फुटांच्या आसपास जाते. उडी मारल्यावर पहिल्या दहा सेकंदांत माणूस सुमारे हजार फूट खाली येतो. तोवर हवेचा विरोध व शरीराचे वजन यांचा तोल जमतो, आणि पोट खाली ठेवून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवर स्थिर होतो. तेथून पुढे दर साडेपाच सेकंदांस हजार फूट असा हिशेब आहे. चार हजार फुटांवर छत्री उघडावयाची म्हटली तर साधारण पंचावन्न सेकंद हाती असतात. या पंचावन्न सेकंदांसाठी माणसे वर्षानुवर्षे पैसे साठवतात. मी विचारले, त्यात काय मिळते? एकाने सांगितले की पडल्यासारखे वाटतच नाही, वाऱ्याच्या गादीवर पालथे पडल्यासारखे वाटते. हात जरा दुमडला तर शरीर वळते, पाय लांब केले तर पुढे सरकते. म्हणजे ते स्वतःस दगड समजत नाहीत, पक्षी समजतात. २००६ सालच्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये चारशे जणांनी आकाशात एकमेकांस धरून एकच आकृती तयार केली. चारशे माणसांना रांगेत उभे करून फोटो काढावयाचा तर आपल्या शाळेत अर्धा दिवस जातो, हे शिक्षक मंडळींना सांगावयास नको.

परंतु मुलीच्या अब्बांचा खरा प्रश्न मजेचा नव्हता. छत्री उघडली नाही तर काय, हा होता. अडीच हजार फुटांवर छत्री नसेल तर जमीन चौदा सेकंदांवर असते. हा आकडा मी लपवणार नाही. या खेळाचे सारे साहित्य, सारे शिक्षण आणि सारे रीतिरिवाज याच चौदा सेकंदांभोवती उभे आहेत.

आरंभी तर विमानातून सुटलेला माणूस हवेत शुद्ध हरपून बसेल, त्याला स्वतःच्या हाताने छत्री उघडताच येणार नाही, असे पुष्कळ जाणत्यांचे मत होते. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील डेटन येथे लेस्ली आयर्विन या तरुणाने विमानातून उडी मारून, हवेत असतानाच दोरी ओढून छत्री उघडून दाखविली. शुद्ध हरपली नाही; उतरताना घोटा मात्र मोडला. उडणाऱ्यांच्या इतिहासात उतरण्याकडे दुर्लक्ष ही जुनी गोष्ट आहे. नवव्या शतकातील कुर्तुबाच्या अब्बास इब्न फिर्नास यांचे नाव आपल्या सभांतून नेहमी घेतले जाते. त्यांच्या उड्डाणाची हकिकत सांगणारा अल-मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे मधे साताठशे वर्षे गेलेली. तेव्हा तपशिलावर पैज लावू नये. पण त्या हकिकतीतही हेच आहे की उडण्याची योजना झाली होती, उतरण्याची राहून गेली आणि पाठीस मार बसला. टाळ्या उडण्याला मिळतात, म्हणून की काय, उतरण्याचे मागे राहते.

आता साहित्याकडे वळतो. हा माझा विषय आहे, म्हणून अध्यक्ष साहेबांनी घड्याळ जरा बाजूस ठेवावे.

स्कायडायव्हरच्या पाठीवर एक नव्हे, दोन छत्र्या असतात. एक मुख्य व एक राखीव. जुनी छत्री गोल असे, पूर्वी रेशमाची, पुढे नायलॉनची. ती माणसाला सावकाश खाली आणी, पण वारा नेईल तिकडे. १९६० च्या दशकात डोमिना जाल्बर्ट यांनी चौकोनी छत्रीची कल्पना काढली. तिच्यात कापडाचे लांबट कप्पे असतात, पुढून उघडे व मागून बंद. हवा आत भरली की तिचा आकार विमानाच्या पंखासारखा होतो. त्यामुळे ती नुसती खाली येत नाही, पुढे जाते, वळते, आणि उतरताना दोन्ही दोऱ्या वेळेवर खाली ओढल्या तर क्षणभर जवळजवळ थांबते. चांगला उतरणारा जिन्याची शेवटची पायरी उतरावी तसा जमिनीवर येतो.

मुख्य छत्री बिघडली, पिळली, अर्धीच उघडली तर प्रथम ती सोडून द्यावी लागते, कारण तिच्यात राखीव छत्री अडकू शकते. पूर्वी दोन्ही खांद्यांवरचे खटके वेगवेगळे सोडावे लागत, आणि गरगर फिरणाऱ्या माणसास ते साधेच असे नाही. १९७० च्या दशकात बिल बूथ या अमेरिकन कारागिराने यावर तीन कड्यांची युक्ती काढली. मोठ्या कड्यातून मधले कडे, मधल्यातून लहान, आणि लहान कड्यास धरून ठेवणारे दोऱ्याचे एक बारीक बिरडे. प्रत्येक कडे तरफेसारखे काम करून ओढ कमी करीत जाते. त्यामुळे माणसाचा सारा भार अखेर त्या बिरड्यापाशी अगदी थोडा उरतो. बिरड्यातली तार एका हाताने ओढली की दोन्ही खांदे एकदम मोकळे होतात. आपल्या सायन्सच्या मुलांनी तरफेचे गणित परीक्षेसाठी पाठ केले आहे. त्यांनी हे तीन कड्यांचे चित्र वहीत एकदा काढून पाहावे.

आणि माणूस बेशुद्धच झाला तर? त्यासाठी जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी, एक मित्र उडीत गमावल्यानंतर, एक लहानसे इलेक्ट्रॉनिक यंत्र तयार केले. ते १९९१ साली बाजारात आले. हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची व वेग मोजीत राहते. अनुभवी माणसाच्या यंत्रात, साडेसातशे फुटांच्या आसपास पोहोचूनही वेग सेकंदास ३५ मीटरहून अधिक असेल, तर एक लहानशी पाती राखीव पिशवीचे बिरडे कापते आणि राखीव छत्री आपोआप बाहेर येते. जुनी मंडळी या यंत्राबद्दल एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतात. ते बसवावे, आणि उडी मारताना ते नाहीच असे समजावे.

घडी घालण्याचे काम पाहावयास फार साधे दिसते. दोऱ्या सरळ करावयाच्या, कप्पे मोजावयाचे, दोऱ्यांचा जुडगा कापडाच्या मधोमध राहील हे पाहावयाचे. दोऱ्यांवर सरकणारा एक चौकोनी रुमाल असतो, तो ओढून अगदी वर न्यावयाचा. हा रुमाल छत्री एकदम फुलू देत नाही, हवेशी झगडत हळूहळू खाली येतो. तो वर नेण्यास विसरले तर उघडताना असा हिसका बसतो की हाड मोडावे. मग हवा दाबून काढावयाची, पिशवीत भरावयाचे, दोऱ्या रबरात ओवावयाच्या, शेवटी बिरड्यात पिन. सराईत हात दहा-पंधरा मिनिटांत हे करतो. नवीन मुलास तास लागतो आणि घाम सदऱ्यातून बाहेर येतो.

मुख्य छत्रीची घडी खेळाडू स्वतः घालू शकतो. राखीव छत्रीची नाही. अमेरिकेत ती परवाना असलेल्या रिगरनेच तपासून बांधावयाची, लाल दोरा व शिशाचे सील लावावयाचे, तारीख घालून कार्डावर सही करावयाची, आणि वापरली नसली तरी १८० दिवसांनी पुन्हा उलगडून पाहावयाची. ही छत्री बहुतेक वेळा कोणी उघडतच नाही. वर्षानुवर्षे उघडून, पाहून, पुन्हा तशीच बांधून ठेवावयाची. ज्याचे काम कोणास दिसत नाही त्याने ते किती काळजीने करावे, हा आमच्या पेशाचा सारा मुद्दा आहे. अमेरिकन सैन्यात तर घडी घालणाऱ्याने स्वतः बांधलेली कोणतीही छत्री घेऊन उडी मारण्याची तयारी ठेवावी लागते.

आमच्या विभागातली एक गोष्ट सांगतो. घडीच्या टेबलाशेजारी हत्यारांची फळी असे. प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर रंगविलेली, म्हणजे जागा रिकामी दिसली की एक हत्यार कोठेतरी राहिले हे कळे. एकदा आमच्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने दिवसभरात तीन छत्र्या बांधून संपविल्या. नुकताच भरती झालेला एक पोरगा फळीकडे पाहून म्हणाला, "सर, चिमटा नाही." ज्येष्ठांची पंचवीस वर्षांची नोकरी, त्याची पंचवीस दिवसांची. त्यांनी एक शब्द न बोलता तिन्ही छत्र्या उलगडल्या. चिमटा खिडकीच्या चौकटीवर सापडला. छत्रीत तो कधी नव्हताच. रात्री आठपर्यंत बसून त्यांनी तिन्ही घड्या पुन्हा घातल्या, आणि आता या पोराची खरडपट्टी निघणार म्हणून आम्ही पाहत असताना त्यांनी कँटीनमधून त्याच्यासाठी स्वतःच्या पैशाने चहा व आम्लेट मागविले.

दुबईच्या मैदानावर मला हेच वातावरण दिसले, म्हणून तेथे मन रमले. उडीपूर्वी साहित्य तीनदा तपासले जाते. अंगावर चढविण्यापूर्वी, विमानात बसण्यापूर्वी आणि दार उघडण्यापूर्वी. शेवटच्या वेळी स्वतःची पाठ स्वतःस दिसत नाही, म्हणून माणूस वळतो व शेजाऱ्यास म्हणतो, पिन पाहा. शेजारी कोण आहे हे पाहिले जात नाही. तीन हजार उड्यांचा माणूस तीस उड्यांच्या मुलीपुढे पाठ करून उभा राहतो, आणि तिने थांब म्हटले तर थांबतो. वारा वाढला म्हणून एखादा त्याच विमानातून खाली परत आला तर त्यास कोणी हसत नाही. निदान चांगल्या मैदानावर नाही. जेथे हसतात तेथून सामान उचलून निघून जावे, असे एका बुजुर्गाने मला बजावून सांगितले.

या मंडळींत पहिली शंभरावी उडी, पहिली स्वतःची छत्री, असे काही झाले की सर्वांना पाजण्याचा रिवाज आहे, आणि ते पेय कोणते हे मी या व्यासपीठावरून सांगत नाही. आपल्याकडच्या एका मुलाने त्याऐवजी हापूसची पेटी नेऊन ठेवली. देणे फिटले असे सर्वानुमते ठरले. उलट पुढच्या मोसमातही तुझे काहीतरी पहिले होऊ दे, असा आग्रह सुरू झाला.

शिक्षणाचे आता थोडक्यात. पूर्वी नवशिक्याची छत्री विमानास बांधलेल्या पट्ट्याने आपोआप उघडत असे. सैन्यात व एन.सी.सी.त आजही तीच पद्धत आहे, उडीही कमी उंचीवरून, बाराशे-तेराशे फुटांच्या आसपास. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत दुसरी पद्धत सुरू झाली. तीत दोन शिक्षक विद्यार्थ्यास दोन्ही बाजूंनी धरून त्याच्याबरोबरच पडतात आणि हवेतच हाताच्या खुणांनी शिकवितात. शिक्षकाच्या छातीशी बांधून उडी मारतात ती तिसरी, पण ती पाहुण्यांची. तीत शिक्षण थोडे व फोटो पुष्कळ. अमेरिकन संघटनेचा पहिला परवाना मिळण्यास किमान २५ उड्या लागतात, सर्वांत वरच्यास ५००. प्रत्येक उडीची वहीत नोंद व त्यावर सही. आणि सर्व पद्धतींत पहिला दिवस जमिनीवरच जातो. टांगलेल्या हार्नेसमध्ये लोंबकळत तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतात, वर पाहा, छत्री अशी दिसते, आता काय करशील? पाहा, पकड, सोड, राखीव ओढ. उत्तर डोक्यातून हातात उतरेपर्यंत हेच चालते. पडण्याचेही शिक्षण आहे; पाय व गुडघे जुळवून प्रथम चवडे, मग पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची बाजू असे लोळत जावयाचे, म्हणजे धक्का एका हाडावर बसत नाही. आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांनाही हे शिकविता आले असते तर बरे झाले असते.

आता धोका. अमेरिकन संघटनेच्या नोंदींप्रमाणे १९७० च्या दशकात तेथे वर्षास सरासरी ४२ हून अधिक माणसे या खेळात दगावत. २०२३ साली साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसे गेली. दहा म्हणजे दहा घरे. मी हा आकडा शून्य म्हणून सांगणार नाही, आणि जो कोणी सांगेल त्याच्या मैदानावर जाऊ नये. पण सुधारणा कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. ती केवळ साहित्याने झाली नाही. त्या तीन कड्यांच्या बूथ साहेबांचेच निरीक्षण असे की साहित्य जितके सुरक्षित होते तितकी माणसे अधिक धोका पत्करतात आणि हिशेब तेथेच राहतो. चौकोनी छत्र्या लहान व वेगवान होऊ लागल्या तशी चांगली उघडलेली, काहीही बिघाड नसलेली छत्री डोक्यावर असताना माणसे मरू लागली, कारण जमिनीजवळ जोराचे वळण घेऊन झपाट्याने उतरण्याची हौस. म्हणून अनुभवी मंडळी आज सर्वांत जास्त बोलतात ते या लहान छत्र्यांबद्दल. किती उड्या झाल्यावर किती चौरस फुटांची घ्यावी, यावर मी तास-तासभर वाद ऐकले आहेत. आणि दुसरे, अपघात झाला की त्याची हकिकत संघटनेच्या मासिकात छापली जाते. नाव नसते, पण उंची, वारा, अनुभव, काय केले व काय राहिले, सारे असते. वाचणारे ते भयकथा म्हणून वाचत नाहीत, धडा म्हणून वाचतात. आपल्याकडे एस.टी.चा अपघात झाला तरी आपण नशिबास दोष देऊन मोकळे होतो.

स्त्रियांचे काय, असेही मला विचारले गेले. रेचेल थॉमस यांनी २००२ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी त्याच ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. त्यांच्या हिमतीस सलाम. मात्र विद्यार्थ्यांनी पहिल्याच उडीचा हा भाग सोडून, नंतर त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या शेकडो उड्यांचा भाग उचलावा. २०११ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली.

खर्चाचे स्पष्ट बोलले पाहिजे. हा खेळ महाग आहे. स्वतःचे साहित्य, विमानाचे भाडे, शिक्षकांची फी, हे आपल्यातील बहुतेक घरांना परवडणारे नाही, आणि मुलांनी यासाठी घरी हट्ट धरू नये. आपल्या देशात नागरी केंद्रेही थोडीच आहेत. म्हणूनच एन.सी.सी.च्या शिबिराचे मोल मोठे आहे. तेथे गरिबाच्या मुलास जे शिक्षण मिळते ते विकत घ्यावयाचे तर जमीन विकावी लागेल. उडी मारणे हाच एक मार्ग आहे असेही नाही. कानपूरला पॅराशूट बनविण्याचा कारखाना आहे, आग्र्यास या विषयाची संशोधन संस्था आहे. कापड, शिवण, गाठी, गणित, हवामान, यात हात व डोके चालणाऱ्या मुलामुलींना तेथे काम आहे. आपल्या भगिनींच्या शिवणवर्गात जी बारीक टीप मी काल पाहिली, तशी टीप छत्रीच्या कापडावर घालता येणारे हात सहज मिळत नाहीत.

आता त्या संमतीपत्राविषयी. सही करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही. मुलगी त्यांची आहे. मी त्यांना काही प्रश्न लिहून दिले आहेत, ते शिबिराच्या अधिकाऱ्यांस विचारावेत. जमिनीवरील शिक्षण किती दिवसांचे? राखीव छत्री शेवटची कधी उलगडून पाहिली, त्याची नोंद दाखविता का? वारा किती झाला म्हणजे उडी रद्द करता? मुलींच्या निवासाची व्यवस्था काय, सोबत महिला अधिकारी कोण? आणि सर्वांत महत्त्वाचा, विमानाच्या दारात उभी राहून मुलीने नको म्हटले तर काय होते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना अधिकारी कसे बोलतात ते नीट ऐकावे. हे प्रश्न विचारले म्हणून कोणी रागावले तर सही करू नये. शांतपणे उत्तरे दिली, कागद पुढे ठेवले, तर घरी येऊन मुलीशी पुन्हा बोलावे. तिलाही दोन प्रश्न विचारावेत की ती हे मैत्रिणींच्या डोळ्यांत भरण्यासाठी करीत आहे, की शिकण्यासाठी. मी तिला विचारले. ती म्हणाली, "चाचा, त्या तीन कड्यांचे पुन्हा सांगा, मला दुसरे कडे समजले नाही."

वापरातून काढून टाकलेली एक जुनी गोल छत्री मी बरोबर आणली आहे. ती मागच्या चित्रकलेच्या वर्गात पसरून ठेवली आहे. चहानंतर ज्यांना पाहावयाची आहे त्यांनी चपला बाहेर काढून आत यावे, कापडावर पाय देऊ नये, आणि एका वेळी दहापेक्षा अधिक मुलांनी गर्दी करू नये. घडी कशी घालतात ते मी दाखवीन. कड्यांचा नमुना सायकलच्या दुकानातील वायसरांचा केलेला आहे, तोही तेथेच टेबलावर आहे.